फिकीर दौलतीची: आधुनिक तुर्की विचारपरंपरेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्कस्तान म्हटलं की अतातुर्क आठवतात. वाचायला त्यांच्यापासूनच सुरुवात केली तर चालेल?

चालेल, पण मध्यंतरानंतर नाटकाला जाऊन बसल्यासारखं होईल. मुस्तफा केमाल, म्हणजेच पुढचे अतातुर्क, यांचा जन्म १८८१चा. संसद हवी की नको, शरियत आणि कायदा यांचं नातं काय, आपण नक्की कोण, हे सगळे वाद त्यांच्या जन्माआधी पेटलेले होते.

मी सुरुवात एका कचेरीपासून करायला सांगतो. ऑटोमन साम्राज्याच्या, म्हणजे प्रजासत्ताकाआधीच्या तुर्की सुलतानांच्या, दरबाराचे दुभाषे पूर्वी इस्तंबूलच्या फेनेर भागातल्या ग्रीक घराण्यांतून येत. १८२१ साली ग्रीकांनी उठाव केला, मुख्य दुभाष्याला देहदंड झाला आणि सरकारला आपली स्वतःची माणसं तयार करायची गरज पडली. त्यातून ‘तर्जुमे ओदासी’, म्हणजे भाषांतराची खोली, निघाली. परराष्ट्रांचे खलिते उतरवण्यासाठी तरुण कारकून फ्रेंच शिकू लागले. आता फ्रेंच आलेला कारकून काही खलित्यांपाशी थांबत नाही. पुढे वजीर झालेले आली पाशा आणि फुआद पाशा याच खोलीतले, आणि त्यांच्यावर सडकून टीका करणारा नामिक केमालही याच खोलीतला. सरकार आणि विरोधक एकाच दौतीत बोरू बुडवून शिकलेले, हे लक्षात ठेवलं तर पुढची बरीच गुंतागुंत सुटते.

या सगळ्या विचारवंतांचा मूळ प्रश्न तरी कोणता होता?

‘देवलेत’ कशी वाचवायची, हा. तुर्कीत देवलेत म्हणजे राज्य, शासनसंस्था. शब्द आपलाच आहे: दौलत. आज आपण दौलत म्हटलं की पैसाअडका समजतो, पण पेशवाईतले कागद उघडले तर ‘दौलतीचं काम’ म्हणजे राज्याचं काम. तुर्कांनी तो जुना अर्थ टिकवला.

दुसरा शब्द ‘फिकिर’. तुर्कीत त्याचा अर्थ विचार, मत. विचारांच्या इतिहासाला ते ‘फिकिर तारिही’ म्हणतात. मराठीत फिकीर म्हणजे काळजी. गंमत अशी की या शब्दाचं अनेकवचन ‘एफकार’ बोली तुर्कीतही उदासी, घोर अशा अर्थाने वापरतात. मला विचाराल तर दोन्ही अर्थ एकत्र धरावेत. तुर्की विचार हा बहुतांशी दौलतीची फिकीर आहे. तो करणारे लोक अधिकारी, लष्करी डॉक्टर, शिक्षक आणि पत्रकार होते, आणि राज्य बुडालं तर आपणही बुडालो ही त्यांची पक्की समजूत. माणसाचं स्वातंत्र्य हे त्यांच्याकडे पुष्कळदा राज्य सावरण्याचं औषध म्हणून येतं. म्हणूनच औषध बदलायलाही वेळ लागत नाही.

१८३९च्या गुल्हाने फर्मानाला एवढं महत्त्व का?

कारण सुलतानाने स्वतःला बांधून घेतलं. ३ नोव्हेंबर १८३९ रोजी तोपकापी राजवाड्यालगतच्या गुल्हाने बागेत (आपल्या भाषेत गुलखाना) मुस्तफा रेशिद पाशाने फर्मान वाचलं. प्रजेचा जीव, अब्रू आणि मालमत्ता सुरक्षित राहील, कर ठरल्याप्रमाणे घेतले जातील, लष्करभरतीला नियम असतील, आणि हे सगळं मुसलमान-बिगरमुसलमान सर्वांना लागू. इथून ‘तंझिमात’, म्हणजे सुव्यवस्था लावण्याचं पर्व, सुरू झालं. १८५६च्या दुसऱ्या फर्मानाने समान वागणुकीचं वचन आणखी स्पष्ट केलं.

फर्मानामागे युरोपीय सत्तांचा दबाव होता हे खरं, पण म्हणून तो निव्वळ देखावा ठरत नाही. दिलेलं वचन लेखी असलं की ते मागता येतं, आणि पुढच्या पिढीने तेच केलं.

यंग ऑटोमन आणि यंग टर्क एकच ना?

नाही, आणि हा घोटाळा फार होतो. यंग ऑटोमन, तुर्कीत ‘येनी ऑस्मानलीलार’, हा १८६५ साली जमलेला लेखक-पत्रकारांचा लहानसा गट: नामिक केमाल, झिया पाशा, अली सुआवी. तंझिमातच्या वजिरांनी सुलतानाला आवरलं, पण वजिरांना कोण आवरणार, असा त्यांचा सवाल होता. उत्तर म्हणून त्यांनी संसद मागितली, आणि ती इस्लामच्या भाषेत मागितली. सल्लामसलत करा असं कुराणातच सांगितलंय, मग संसद परकी कशी? त्यांना देश सोडावा लागला. १८६८मध्ये लंडनहून त्यांनी ‘हुर्रियेत’ नावाचं वर्तमानपत्र काढलं.

१८७६ साली वजीर मिधात पाशाच्या पुढाकाराने राज्यघटना आली. १८७८च्या फेब्रुवारीत सुलतान अब्दुलहमीद दुसरा याने संसद घरी पाठवली, ती तीस वर्षं.

यंग टर्क ही पुढची पिढी. १८८९ साली इस्तंबूलच्या लष्करी वैद्यकीय शाळेत काही विद्यार्थ्यांनी गुप्त मंडळ काढलं. ही पोरं शवविच्छेदन करत, जर्मन भौतिकवाद्यांची पुस्तकं चोरून वाचत आणि समाजाकडे रोग्यासारखं बघत. पॅरिसमध्ये त्यांचा पुढारी अहमद रझा हा समाजही विज्ञानाने चालवावा म्हणणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कॉम्तचा भक्त झाला होता. त्याला क्रांतीपेक्षा विज्ञानाची शिस्त प्यारी. ‘इत्तिहात वे तेराक्की’, म्हणजे ऐक्य आणि प्रगती, या त्यांच्या संघटनेच्या नावातच कॉम्तच्या ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ या घोषणेचा वास येतो. याच वर्तुळात प्रिन्स सबाहद्दीन उलटं सांगत होता: सत्ता खाली वाटा, व्यक्तीच्या पुढाकाराला वाव द्या. १९०२च्या पॅरिस परिषदेत दोघांची फारकत झाली. पुढे सबाहद्दीनची बाजू हरली. तुर्की उदारमतवादाचं दुखणं तिथपासूनचं आहे, असं मला वाटतं.

१९०८च्या जुलैमध्ये लष्करातल्या यंग टर्कांनी घटना परत आणायला लावली. पुढल्याच वर्षी अब्दुलहमीद पायउतार झाला.

‘वतन’ या शब्दावरून म्हणे दंगा झाला होता?

दंगा नाही, पण गलका जोरदार झाला. मराठी माणसाला वतन म्हटलं की पाटीलकी-कुलकर्ण्याचं वतन आठवतं. तुर्कीतही ‘वातान’ म्हणजे आधी साधं जन्मगाव. नामिक केमालने त्यात फ्रेंच राज्यक्रांतीतली मातृभूमी ओतली. १ एप्रिल १८७३ रोजी इस्तंबूलच्या गेदिकपाशा नाट्यगृहात त्याचं ‘वातान याहुत सिलिस्त्रे’ हे नाटक लागलं. डॅन्यूबकाठच्या किल्ल्याच्या वेढ्याची गोष्ट. खेळ संपल्यावर प्रेक्षक घोषणा देत रस्त्यावर आले. सरकारला घोषणांपेक्षा एक गोष्ट जास्त खटकली असणार: जान कुर्बान करायची ती सुलतानासाठी नव्हे, वतनासाठी. नामिक केमालची रवानगी सायप्रसला झाली आणि तीनेक वर्षं तो मागोसाच्या किल्ल्यात पडून होता.

‘मिल्लेत’चंही तसंच. आधी मिल्लेत म्हणजे धर्मसमुदाय, जसं ग्रीक मिल्लेत, अर्मेनियन मिल्लेत. मग तोच शब्द राष्ट्रासाठी आला. एका शब्दात दोन्ही अर्थ राहिल्यामुळे तुर्की राष्ट्र म्हणजे मुसलमानांचं राष्ट्र की कसं, हा प्रश्न आजतागायत त्या शब्दाच्या पोटात आहे.

‘तीन मार्ग’ म्हणतात ते कोणते?

युसुफ आकचुरा हा व्होल्गाकाठच्या सिम्बीर्स्कमध्ये जन्मलेला तातार. १९०४ साली त्याचा ‘उच तार्झ-ई सियासेत’, म्हणजे राजकारणाच्या तीन तऱ्हा, हा लेख कैरोच्या ‘तुर्क’ नावाच्या पत्रात आला. पहिली तऱ्हा सर्व धर्मांचं मिळून एक ऑटोमन राष्ट्र घडवण्याची, दुसरी खलिफाच्या छत्राखाली सगळे मुसलमान आणण्याची, तिसरी वंश-भाषेवर तुर्कांना एकत्र करण्याची. व्यापाऱ्याने नफातोटा मांडावा तसा त्याने तिन्हींचा हिशेब मांडला. पहिली गेलेली केस आहे, एवढं तो बोलला. उरलेल्या दोघींतली कोणती निवडावी यावर लेख प्रश्नचिन्हाने संपतो.

तुर्कांना ‘तुर्क’ व्हायला शिकवणाऱ्यांत बाहेरून आलेले बरेच होते. क्रिमियाचा इस्माइल गास्पिराली, काराबागचा अहमद आगाओग्लू, आणि हा आकचुरा. रशियाच्या राज्यात अल्पसंख्य म्हणून राहिल्यावर आपली ओळख लवकर टोचते. इस्तंबूलच्या सुशिक्षिताला तोवर ‘तुर्क’ म्हणजे अनातोलियातला अडाणी शेतकरी वाटायचा.

झिया गोकाल्पला एवढं डोक्यावर का घेतात?

कारण तिन्ही तऱ्हा एकाच खुंटीला टांगता येतात असं त्याने दाखवलं. जन्म १८७६, दियारबाकीर, म्हणजे कुर्दबहुल मुलूख. तरुणपणी, घरच्यांचा धर्म आणि शाळेतलं विज्ञान यांच्या कात्रीत सापडून, त्याने डोक्यात गोळी झाडून घेतली. तो वाचला, गोळी मात्र कवटीत राहिली, असं त्याची चरित्रं सांगतात. पुढे सालोनिकात तो इत्तिहातच्या मध्यवर्ती समितीत गेला, इस्तंबूलच्या दारुलफुनूनमध्ये, म्हणजे विद्यापीठात, समाजशास्त्र शिकवू लागला आणि फ्रान्सच्या एमिल द्युर्केम या समाजशास्त्रज्ञाला त्याने तुर्की केलं.

त्याची किल्ली दोन शब्दांत आहे: ‘हार्स’ आणि ‘मेदेनियेत’. हार्स म्हणजे संस्कृती. ती लोकांची, भाषेतली, गाण्यातली, प्रत्येक राष्ट्राची वेगळी. मेदेनियेत म्हणजे सभ्यता. ती अनेक राष्ट्रांची सामाईक आणि घेता-देता येणारी. तेव्हा युरोपची सभ्यता घ्या, हार्स तुर्की ठेवा, धर्म इस्लाम ठेवा. तुर्क व्हा, मुसलमान व्हा, आधुनिक व्हा.

ऐकायला फार सुटसुटीत. पण कुठली गोष्ट संस्कृती आणि कुठली सभ्यता हे ठरवायचं कोणी? त्याच्या मते दरबारी ऑटोमन संगीत परकं आणि खेड्यातली गाणी आपली. ती गोळा करायची आणि युरोपीय पद्धतीने बांधायची. ते दरबारी संगीत शतकानुशतकं गाणाऱ्या शहरी तुर्काला विचारलं का? नाही. आणि त्याची ती प्रसिद्ध ओळ: हक्क आहे म्हणू नकोस, हक्क नाही, कर्तव्य आहे. द्युर्केममध्ये समाज महत्त्वाचा होता. गोकाल्पने समाजाच्या जागी राष्ट्र बसवलं, आणि राष्ट्राच्या नावाने बोलायला राज्य पुढे आलं. १९२३मध्ये ‘तुर्कवादाची मूलतत्त्वं’ हे त्याचं पुस्तक अंकाराला निघालं, पुढच्या वर्षी तो गेला.

बिगरमुसलमानांचं काय झालं? ते या इतिहासात दिसत नाहीत.

दिसत नाहीत याला कारण आहे. १८७६च्या घटनेवर मिधात पाशाबरोबर क्रिकोर ओदियान या अर्मेनियन कायदेपंडिताने काम केलं होतं. १९०८नंतरच्या संसदेत क्रिकोर झोहराब हा वकील, कथाकार आणि उत्तम वक्ता होता. २४ एप्रिल १९१५पासून इस्तंबूलमधल्या अर्मेनियन लेखक-पुढाऱ्यांची धरपकड झाली, झोहराबलाही त्याच वर्षी मारलं. अनातोलियातले अर्मेनियन हद्दपारीत आणि कत्तलीत संपले. हे घडवलं ते ऐक्य आणि प्रगतीचं नाव सांगणाऱ्या सरकारने. या इतिहासाच्या जुन्या तुर्की पुस्तकांत ऑटोमनवाद ‘अपयशी ठरला’ असं एक गुळगुळीत वाक्य सापडतं. तो आपोआप अपयशी ठरला नव्हता.

मुस्तफा केमाल यांनी नवीन काय आणलं?

कल्पना फारशा नाहीत. धाडस आणि वेग. लॅटिन लिपी, टोपी, मदरसे बंद करणं, यातलं बरंच अब्दुल्ला जेवदेत हा यंग टर्क डॉक्टर ‘इच्तिहाद’ या आपल्या मासिकात आधीच बोलून शिव्या खात होता. २९ ऑक्टोबर १९२३ला प्रजासत्ताक, ३ मार्च १९२४ला खिलाफत बरखास्त, १९२५ला टोपीचा कायदा, १९२६ला स्वित्झर्लंडची दिवाणी संहिता, १९३४ला स्त्रियांना संसदेचं मत. टोपीबद्दल एक सांगतो. जी फेज टोपी ‘इस्लामची निशाणी’ म्हणून बंद झाली, ती सुलतान महमूद दुसरा याने शंभर वर्षांपूर्वी पागोट्यांच्या जागी हुकूम काढूनच बसवली होती.

‘सहा बाण’ म्हणजे प्रजासत्ताकवाद, राष्ट्रवाद, लोकवाद, राज्यवाद, लाइकलिक आणि क्रांतिवाद. मुस्तफा केमाल यांच्या पक्षाने ते १९३१मध्ये घेतले, १९३७मध्ये घटनेत घातले.

‘लाइकलिक’ म्हणजे आपली धर्मनिरपेक्षताच ना?

नाही. आपल्याकडे राज्याने सगळ्या धर्मांपासून सारखं अंतर ठेवावं किंवा सगळ्यांना सारखं जवळ धरावं असं म्हणतात. तिकडे राज्याने धर्म आपल्या ताब्यात घेतला. ज्या दिवशी खिलाफत गेली त्याच दिवशी ‘दियानेत’ हे धार्मिक कामकाजाचं खातं उभं राहिलं. इमाम सरकारी नोकर, पगार तिजोरीतून. १९३२पासून अजानसुद्धा अरबीऐवजी तुर्कीत द्यायला लावली. १९५०च्या जूनमध्ये पंतप्रधान मेंदेरेस यांच्या सरकारने ती सक्ती उठवली. गंमत पाहा, दियानेत कुणीच मोडलं नाही. धर्माभिमानी सरकारं आली तेव्हा त्यांनी ते आणखी मोठं केलं. तयार हत्यार कोण टाकून देतं?

लिपी बदलल्याने विचारांवर खरंच परिणाम झाला?

झाला, आणि मराठी वाचकाला तो चटकन कळेल. पणजोबांचं मोडीतलं खत हातात आलं की आपण जसे निरक्षर होतो, तसं एक अख्खं राष्ट्र झालं. फक्त आपल्याकडे ते हळूहळू घडलं, तिकडे काही महिन्यांत. ९ ऑगस्ट १९२८च्या रात्री मुस्तफा केमाल यांनी नव्या अक्षरांची घोषणा केली ती सारायबुर्नूला, म्हणजे त्याच गुल्हाने बागेच्या टोकाला. १ नोव्हेंबरला कायदा, १ डिसेंबरपासून वर्तमानपत्रं नव्या लिपीत.

मग १९३२पासून भाषाशुद्धी. अरबी-फारसी शब्द काढून जुने तुर्की धातू खणून नवे शब्द घडवायचे. आपल्याकडे सावरकरांनी तारखेला ‘दिनांक’ आणि मेयरला ‘महापौर’ दिला, त्या जातीचंच काम, पण पाठीशी सरकार. घटनेचं काय झालं ते ऐका. १९४५मध्ये तिचा मजकूर शुद्ध तुर्कीत आणला, १९५२मध्ये दुसऱ्या सरकारने तो पुन्हा जुन्या भाषेत नेला. कलमं तीच, शब्दांची ये-जा. अतातुर्क यांनी १९२७मध्ये सहा दिवस, छत्तीस तासांहून जास्त भाषण दिलं, ते प्रसिद्ध ‘नुतुक’. आजच्या तुर्की विद्यार्थ्याला ते मूळ भाषेत झेपत नाही, आजच्या तुर्कीत ‘उतरवून’ द्यावं लागतं. राष्ट्रपित्याचंच भाषण.

अजूनही राष्ट्राला ‘मिल्लेत’ म्हणणारा आणि ‘उलुस’ म्हणणारा, स्वातंत्र्याला ‘हुर्रियेत’ म्हणणारा आणि ‘ओझगुर्लुक’ म्हणणारा, यांची राजकीय जात पुष्कळदा शब्दावरून ओळखता येते.

मुंबईचा या सगळ्याशी संबंध काय?

भायखळ्याचं खिलाफत हाऊस पाहिलंय का? ईद-ए-मिलादचा मोठा जुलूस निघतो तिथून. १९१९मध्ये खिलाफत कमिटी मुंबईत स्थापन झाली, अध्यक्ष मुंबईचे व्यापारी छोटानी शेठ. इथून गोळा झालेला पैसा अंकाराला गेला आणि त्यातला काही भाग १९२४मध्ये ‘इश बँक’ काढायला लागला. म्हणजे खलिफा वाचवायला दिलेल्या वर्गणीतून खिलाफत मोडणाऱ्या प्रजासत्ताकाची बँक उभी राहिली. १९२३च्या नोव्हेंबरमध्ये आगाखान आणि अमीर अली या भारतीय मुस्लिम पुढाऱ्यांनी खलिफाचा मान राखा असं पत्र लंडनहून पाठवलं. ते इस्तंबूलच्या पत्रांनी छापलं, अंकारा संतापलं, संपादकांवर खटले झाले. मदतीला धावलेल्यांनीच प्रकरण लवकर निकालात काढलं.

जाता जाता: ‘सरकारची खिलाफत केली’ असं कुणी विरोध या अर्थाने म्हणालं तर हळूच सांगा, विरोधाला मुखालफत म्हणतात.

धार्मिक विचारवंत कुठे गेले?

कुठेच गेले नाहीत. राष्ट्रगीत लिहिणारा मेहमेद आकिफ इस्लामवादीच. १९२१मध्ये मिळालेलं पाचशे लिरांचं बक्षीस त्याने दान केलं. नवं प्रजासत्ताक त्याला मानवलं नाही, १९२५नंतरची दहा-अकरा वर्षं त्याने इजिप्तमध्ये काढली. धर्मपंडित सैद नुर्सीच्या ‘रिसाले-इ नूर’ या कुराणावरच्या भाष्याच्या प्रती इस्पार्ताच्या खेड्यापाड्यांत शिष्य हाताने उतरवत, तेही बंदी घातलेल्या जुन्या लिपीत. पॅरिसला तत्त्वज्ञान शिकायला गेलेला कवी नेजिप फाझिल १९४३पासून ‘ब्युयुक दोगू’, म्हणजे थोर पूर्व, हे पत्र काढू लागला. आज सत्तेत असलेली पिढी ते वाचत वाढली. १९६९-७०मध्ये नेजमेत्तीन एरबाकान या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने ‘मिल्ली गोरुश’, म्हणजे राष्ट्रीय दृष्टी, ही इस्लामी राजकारणाची चळवळ काढली. आणि १९८०च्या लष्करी बंडानंतर स्वतःला अतातुर्कवादी म्हणवणाऱ्या जनरलांनीच डाव्यांना उतारा म्हणून तुर्क-इस्लाम मिश्रण पुढे केलं, १९८२च्या घटनेत धर्मशिक्षण सक्तीचं केलं.

आणि डावे?

कवी नाझिम हिकमत १९३८ ते १९५० तुरुंगात, १९६३ला मॉस्कोत मेला. नागरिकत्व परत मिळालं २००९मध्ये. १९६१मध्ये तुर्की मजूर पक्ष निघाला, त्याच वर्षीच्या मोकळ्या घटनेखाली वाढला आणि १९६५मध्ये त्याचे १४-१५ खासदार निवडून आले. माझ्या आवडीचा मात्र इद्रिस क्युचुकोमेर. १९६९मध्ये हा अर्थशास्त्रज्ञ म्हणाला की आपल्याकडे डावे म्हणवणारे कारकुनी-लष्करी परंपरेचे वारस, म्हणजे खरे उजवे. आणि उजव्यांमागे जाणारा सामान्य माणूस खरा डावा. दोन्ही बाजू चिडल्या. दौलतीचा मुद्दा इतका सरळ दुसऱ्या कुणी मांडला नव्हता. कुर्दांबद्दल लिहिणाऱ्या समाजशास्त्रज्ञ इस्माइल बेशिकचीला मात्र चिडण्यावर भागलं नाही. त्याने सतरा वर्षं तुरुंगात काढली.

शेरिफ मार्दिनचं ‘मोहल्ल्याचा दबाव’ म्हणजे काय?

२००७मध्ये एका मुलाखतीत या समाजशास्त्रज्ञाने वापरलेला शब्द, ‘महाल्ले बास्किसी’. सरकार काही बोलत नाही, कायदाही नाही, पण शेजारपाजारच्या नजरेमुळे माणूस रमजानमध्ये हॉटेलात बसायचं टाळतो. आपल्याकडे ‘चार लोक काय म्हणतील’ म्हणतात ते. त्याआधी १९७३मध्ये त्याने तुर्की राजकारण ‘केंद्र आणि परीघ’ असं मांडलं होतं. पुढे राजकारण्यांनी ते इतकं वापरलं की झिजून गेलं. वीस वर्षं सत्तेत राहूनही स्वतःला परीघ म्हणवणारे आहेतच.

तुर्की विचारवंतांनी भारताकडे कधी पाहिलं का?

फार थोड्यांनी. कादंबरीकार हालिदे एदिब १९३५मध्ये जामिया मिलियात व्याख्यानं द्यायला आल्या, त्यावर पुस्तकही लिहिलं. तेव्हा त्या स्वतः अंकाराच्या मर्जीतून उतरून परदेशी राहत होत्या. आणि दुसरा जेमिल मेरिच. फ्रेंच वाङ्मयात बुडालेला हा माणूस १९५४-५५च्या सुमारास आंधळा झाला. त्यानंतर इतरांकडून वाचून घेत त्याने जे पहिलं मोठं काम केलं ते भारतीय साहित्यावरचं, १९६४मध्ये छापलेलं: वेद, रामायण-महाभारत, बुद्ध, गांधी. युरोपकडे तोंड करून बसलेल्या मित्रांना कळेना याला काय झालं. त्याला आशियाही विचार करतो हे तपासायचं होतं, आणि तिथून तो हळूहळू स्वतःच्या ऑटोमन वारशाकडे वळला. पुढच्या आवृत्तीत त्याने पुस्तकाचं नाव बदलून ‘एका जगाच्या उंबरठ्यावर’ ठेवलं.